कडी आतून असलेलं घर

पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिचं वय होतं ५५. एक बाजू लुळी पडली, उठणं-बसणं परस्वाधीन झालं आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळसा खाणकामगाराची ही बायको पुढची दहाहून अधिक वर्षं नर्सिंग होममध्ये पडून राहिली. आपल्याकडे नर्सिंग होम म्हटलं की छोटं हॉस्पिटल डोळ्यांपुढे येतं. अमेरिकेत मात्र परावलंबी म्हाताऱ्या माणसांना कायमचं ठेवण्याची ती जागा. कधी उठायचं, काय खायचं, अंघोळ कोणत्या वारी, सगळं दुसऱ्याने ठरवलेलं. तिची मुलगी केरेन ब्राउन विल्सन त्या वेळी १९ वर्षांची होती. ती पुढे शिकली, वृद्धत्वशास्त्राची अभ्यासक झाली. आई तिला पुन:पुन्हा एकच विचारायची, माझ्यासारख्यांसाठी तू काही का करत नाहीस?

काय करू, असं मुलीने विचारलं तेव्हा आईची मागणी अगदी साधी निघाली. एक छोटी जागा हवी. तिथे स्वतःचं स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हवं. मांजर, हातातली अर्धवट कामं, व्हिक्सची बाटली, कॉफीचं भांडं, सिगारेटी. जे एकटीला जमत नाही तेवढ्यापुरता मदतीचा हात. आणि दार असं, की ते आपल्याला आतून लावून घेता येईल.

विल्सन आणि तिच्या नवऱ्याने १९८३ साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये ११२ बिऱ्हाडांची एक इमारत उभी केली. नाव ठेवलं पार्क प्लेस. आज जगभर ज्याला 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात, त्याची सुरुवात सर्वसाधारणपणे इथून धरली जाते. एरवी नर्सिंग होममध्येच गेली असती अशी माणसं इथे भाडेकरू म्हणून राहायला आली. सामान त्यांचं, पडदे त्यांच्या आवडीचे, खोली किती उबदार ठेवायची हे ठरवणार तेच. बटण दाबलं की दिवसा-रात्री केव्हाही माणूस हजर. औषधं, अंघोळ, कपडे घालणं, जेवण या सगळ्याला मदत. फक्त ती मदत घेणाऱ्याच्या घरी येऊन, दार वाजवून करायची.

सरकारी अधिकारी धास्तावले होते. म्हातारी माणसं शेगडी चालू ठेवून झोपतील, पडतील, आणि कडी आतून लावलेली असली तर आत शिरायचं कसं? राज्याने परवानगी दिली, पण प्रयोग म्हणून. रहिवाशांची प्रकृती, मन, खर्च या सगळ्याची नोंद ठेवायची अट घातली. १९८८ मध्ये निष्कर्ष हाती आले. स्वातंत्र्य दिलं म्हणून प्रकृती ढासळली नव्हती. उलट हिंडण्या-फिरण्याची आणि विचार करण्याची क्षमता सुधारली होती, नैराश्य कमी झालं होतं, आणि सरकारी मदतीवरच्या रहिवाशांमागे होणारा खर्च नर्सिंग होमपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी कमी होता.

कल्पना यशस्वी झाली की तिच्यात पैसा शिरतो. नव्वदच्या दशकात मोठमोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. २०२० मध्ये अमेरिकेत अशी सुमारे ३० हजार संकुलं होती आणि त्यांत ८ लाखांच्या आसपास माणसं राहत होती. दर १० रहिवाशांमागे ४ जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा आजार आहे. त्यांच्यासाठी इमारतीचा एखादा मजला किंवा वेगळा भाग राखलेला असतो आणि त्याला 'मेमरी केअर' म्हणतात. २०२४ मधल्या पाहणीनुसार असिस्टेड लिव्हिंगचा मध्यम दर महिन्याला ५,९०० डॉलर होता. मेमरी केअर त्याहून महाग. ज्येष्ठांच्या 'मेडिकेअर' या सरकारी विम्यातून यातल्या राहण्या-जेवण्याचा एक पैसाही मिळत नाही. देशभर लागू असलेले एकसारखे नियमही नाहीत, प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. रात्रपाळीला किती माणसं असावीत याचा ठोस आकडा अनेक राज्यांत घातलेलाच नाही. त्याचे परिणाम 'वॉशिंग्टन पोस्ट'ने २०२३ साली मालिका करून मांडले. २०१८ पासून दोन हजारांहून अधिक रहिवासी अशा ठिकाणांहून कुणाच्या नकळत बाहेर पडले होते किंवा बाहेर तसेच राहून गेले होते, आणि त्यांतले शंभराच्या जवळपास मरण पावले. कुणी थंडीने, कुणी उन्हाने.

जिथून सगळं सुरू झालं ती कडी इथे पुन्हा आडवी येते. पक्षाघात झालेली बाई आपलं दार कधी उघडायचं हे ठरवू शकते. पण जिला आपण कोणत्या गावात आहोत हे आठवत नाही, बाहेर बर्फ पडतंय हे कळत नाही, तिच्या हाती ती कडी कशी द्यायची?

डिमेन्शिया हा एकच एक आजार नव्हे. मेंदूच्या पेशी झिजवणारे, मारणारे अनेक आजार त्यात येतात. त्यांतला सर्वांत मोठा अल्झायमर, एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्के त्याचेच. जर्मन डॉक्टर आलॉइस अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्ट डेटर ही ५१ वर्षांची बाई तपासली. १९०६ मध्ये ती वारल्यावर तिच्या मेंदूत त्यांना प्रथिनांच्या गाठी आणि गुंते दिसले. मेंदूच्या छोट्या रक्तवाहिन्या तुंबूनही डिमेन्शिया होतो, आणि रक्तदाब-मधुमेहाच्या आपल्या देशात हा प्रकार चांगलाच ओळखीचा आहे. काही वेळा मात्र विसराळूपणाच्या मुळाशी बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य असतं, आणि ते उपचाराने बरं होतं. म्हणून 'वय झालं, चालायचंच' म्हणत घरीच निदान करून टाकणं धोक्याचं. रक्ततपासणीपुरता तरी डॉक्टर गाठायलाच हवा.

जाते ती आधी ताजी आठवण. सकाळी काय खाल्लं ते पुसून जातं आणि १९६५ सालची शाळा लख्ख उभी राहते. मग वेळेचं भान जातं, मग जागेचं. दिवेलागणीला बेचैनी वाढते. 'मला घरी जायचंय' हा घोष सुरू होतो, स्वतःच्याच घरात बसून. आरशातल्या माणसाची भीती वाटते. परक्या देशात आयुष्य काढलेल्यांची मागाहून शिकलेली भाषा बरेचदा आधी निसटते आणि लहानपणची उरते. न्यू जर्सीत ४० वर्षं इंग्रजीतून नोकरी केलेल्या आजोबांना शेवटी पाणी मराठीतून मागावं लागतं, आणि ते समजणारं कुणी आसपास नसतं. फ्लोरिडातल्या टॅव्हरेस गावात २०११ च्या सुमारास 'शांतिनिकेतन' ही भारतीय ज्येष्ठांची वसाहत उभी राहिली. आपल्या चवीचं जेवण आणि ओळखीची बोलीभाषा या गोष्टी म्हातारपणी चैनीच्या राहत नाहीत, हे त्यामागचं कारण.

आतली मोकळीक आणि बाहेरची सुरक्षितता यांचा सांधा कसा जुळवायचा, याचं सर्वांत विचारपूर्वक दिलेलं उत्तर नेदरलँड्समध्ये आहे. अ‍ॅमस्टरडॅमजवळ वेस्प नावाचं जुनं गाव आहे. तिथल्या होखेवेक या संस्थेत इव्हॉन व्हान आमेरोंगन काम करायच्या. ती तेव्हा चारचौघींसारखीच संस्था होती. लांब व्हरांडे, कुलूपबंद वॉर्ड, पांढरे डगले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एके दिवशी आईचा फोन आला की वडील हृदयविकाराने अचानक गेले. दुःखाच्या त्या क्षणी इव्हॉन यांच्या मनात आलं, बरं झालं, बाबांना आमच्यासारख्या ठिकाणी तरी राहावं लागलं नाही. मग त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतःलाच विचारलं, इथे आपल्या आईवडिलांना ठेवू का? आपण स्वतः राहू का? प्रामाणिक उत्तर नाही असं आलं. आणि या मंडळींनी ते उत्तर गिळून टाकलं नाही.

आजचं होखेवेक २००९ साली उभं राहिलं. जेमतेम चार एकर जागा. खर्च आला १ कोटी ९३ लाख युरो, त्यातला फार मोठा वाटा डच सरकारने उचलला. सुरुवातीला २३ घरं होती आणि १५२ रहिवासी, पुढे घरं वाढली. इथे येणारा प्रत्येकजण डिमेन्शियाच्या पुढच्या टप्प्यात असतो आणि शेवटपर्यंत इथेच राहतो. एका घरात सहा-सात जण. घराला दिवाणखाना, स्वयंपाकघर, ज्याला-त्याला स्वतंत्र झोपायची खोली. इमारतींची पाठ बाहेरच्या जगाकडे केलेली, तीच कुंपणाची भिंत. आत रस्ते, चौक, कारंजं, झाडं, बाकं, नाटकगृह, केशकर्तनालय, कॅफे, उपाहारगृह आणि वाणसामानाचं दुकान. बाहेर जायला एकच दार आहे आणि तिथे कायम माणूस बसलेला असतो. आत मात्र कुठेही जायला मनाई नाही. पाऊस पडत असताना एखाद्याला भिजत फिरायचं असेल तर तो फिरतो.

त्या दुकानात घटकाभर थांबण्यासारखं आहे. घराघरातला स्वयंपाक घरातच होतो, त्यामुळे रोजचं सामान आणायला मदतनीस बाई एक-दोघा रहिवाशांना सोबत घेऊन निघते. कुणी गाडी ढकलतं, कुणी टोमॅटो दाबून बघतं. एखादी आजी त्याच बिस्किटांचा तिसरा पुडा उचलते. गल्ल्यावरचा माणूस शांतपणे तो नोंदवतो. रहिवाशांच्या हाती पैसे नसतात, हिशेब घराच्या खात्यावर होतो, आणि जास्तीचा पुडा नंतर मागे फिरतो. गल्ल्यावरचा, माळी, वेटर, केस कापणारी, सगळ्यांना या आजाराचं प्रशिक्षण दिलेलं असतं. कुणी वाट चुकलं तर जवळ असेल तो हात धरून घरी सोडतो. पूर्णवेळ आणि अर्धवेळ धरून अडीचशेच्या घरात कर्मचारी, आणि त्यांच्या जोडीला स्वयंसेवकांची फौज. पांढरा डगला कुणाच्याच अंगात नाही. औषधं दिली जातात, नर्स आणि डॉक्टर आहेत, पण ते पडद्यामागे.

घरांची वाटणी आजाराच्या तीव्रतेवर केलेली नाही. माणूस आयुष्यभर कसा जगला, त्यावर ती केलेली आहे. आरंभी अशा सात जीवनशैली ठरवल्या होत्या, पुढे त्या चारावर आणल्या. कारागीर-कष्टकऱ्यांच्या घरात दिवस लवकर उजाडतो आणि जेवणही लवकर होतं. उच्चभ्रूंच्या घरात टेबलावर नक्षीचा कपडा आणि मागे शास्त्रीय संगीत. धार्मिक ख्रिस्ती घरात जेवणाआधी प्रार्थना होई. डच वसाहत असताना इंडोनेशियात वाढलेल्यांसाठी एक घर होतं. तिथे ताटात भात आणि मसालेदार पदार्थ असत, हिवाळ्यात खोल्या जरा जास्त गरम ठेवल्या जात. कारण त्या माणसांच्या अंगात अजून तीच हवा होती. आजार आठवण नेतो, पण हाताला लागलेली सवय बराच काळ मागे ठेवतो. बटाटे सोलायला बसवलं की हात आपोआप चालू लागतात.

अशा जागेवर 'खोटं गाव' म्हणून टीका होते. दुकान खोटं, व्यवहार खोटा, म्हाताऱ्यांची फसवणूक चालली आहे. जर्मनीत ड्युसेलडॉर्फमधल्या बेनराथ वृद्धनिवासाने तर दारासमोर असा बसथांबा उभा केला जिथे बस येतच नाही. घरी जायचं म्हणून निघालेली माणसं तिथे येऊन बसतात, थोड्या वेळाने कुणीतरी येऊन कॉफीला चला म्हणतं, आणि ती उठून आत जातात. याला फसवणूक म्हणावं का? ८५ वर्षांच्या बाईला आई हवी असते तेव्हा 'तुमची आई १९७२ मध्येच गेली' असं सांगणं खरं आहे. पण तिच्यासाठी ती बातमी दर वेळी नवी असते आणि तिला रोज नव्याने पोरकं व्हावं लागतं. नाओमी फील या वृद्धनिवासातच लहानाच्या मोठ्या झालेल्या समाजसेविकेने आयुष्यभर हेच शिकवलं, की दुरुस्त करत बसू नका, त्या भावनेला साथ द्या. आईची आठवण येतेय का, ती काय करायची हो तुमच्यासाठी, असं विचारा. यात कुठेही खोटं बोलावं लागत नाही. शिवाय होखेवेकचं दुकान खरं आहे, तिथली दुधाची पिशवी खरी आहे आणि त्या दुधाचा खरोखर चहा होतो. टीकाकारांचा मुद्दा मान देऊन ऐकावा असा आहे, पण गोळी देऊन खुर्चीत गुंगत ठेवण्यापेक्षा हे हजारपटींनी सच्चं आहे. गुंगीच्या गोळ्यांबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ सालीच धोक्याचा इशारा दिला होता. मनोविकारावरच्या अँटिसायकोटिक औषधांमुळे डिमेन्शियाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचं प्रमाण वाढतं.

लाखो युरो नसले तरी काय करता येतं, याचा एक किस्सा न्यूयॉर्क राज्यातला. न्यू बर्लिन गावातल्या चेस मेमोरियल नर्सिंग होममध्ये १९९१ साली बिल थॉमस नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. तिथले सुमारे ८० रहिवासी त्याला आजारापेक्षाही कंटाळा, एकटेपणा आणि हतबलता या तीन दुखण्यांनी खंगताना दिसले. त्याने मांडलेला उपाय ऐकून संचालकांनी डोकं धरलं. दोन कुत्रे, चार मांजरी आणि १०० पक्षी! नियमांतून खास सूट मिळवावी लागली. छोट्या पोपटांची गाडी आली त्या दिवशी पिंजरे पोचलेच नव्हते. गाडीवाल्याने सगळे पक्षी तळमजल्यावरच्या केशकर्तनालयात सोडले, दार लावलं आणि तो निघून गेला. पिंजरे आले ते सुटे भाग भरलेल्या खोक्यांतून. कर्मचारी पिसांच्या धुरळ्यात पिंजरे जोडतायत, पक्षी पकडतायत, आणि काचेपलीकडे जमलेली म्हातारी मंडळी पोट धरून हसतायत. पुढे प्रत्येकाला आपापला पक्षी सांभाळायला मिळाला. न बोलणारी माणसं बोलू लागली. दोन वर्षांच्या अभ्यासात, जवळच्या दुसऱ्या नर्सिंग होमच्या तुलनेत इथली माणशी औषधं निम्म्यावर आली आणि मृत्यू १५ टक्क्यांनी कमी झाले.

हा किस्सा आणि विल्सन यांची हकिगत जगभर पोचवली ती बॉस्टनचे शल्यविशारद डॉ. अतुल गावंडे यांनी, २०१४ च्या 'बीइंग मॉर्टल' या पुस्तकातून. गावंडे घराणं आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचं. वडील आत्माराम डॉक्टर होऊन अमेरिकेत ओहायोतल्या अथेन्स गावी स्थायिक झाले, पण आईच्या नावाने त्यांनी उमरखेडला कॉलेज काढलं. आजोबा सीताराम जवळपास ११० वर्षं जगले. शंभरी ओलांडल्यावरही ते घोड्यावर बसून रात्री शेताची फेरी मारत. अमेरिकेतल्या कुठल्याही डॉक्टरने त्यांना संस्थेतच पाठवलं असतं, असं नातू लिहितो. उटीत मात्र जेवताना पंगतीत बसवणारी, उठताना हात देणारी, सल्ला विचारणारी माणसं चोवीस तास भोवती होती.

हे वाचून आपली छाती भरून येते. येऊही दे. पण उटीचं ते घर कोण चालवत होतं, हेही बघायला हवं. सुना, लेकी, नातसुना. शंभरी गाठणारा माणूस तेव्हा पंचक्रोशीत एखादा, आणि त्याच्याभोवती राबणारे हात वीस-पंचवीस. गावंडे स्वतःही त्या व्यवस्थेतला ताण लपवत नाहीत. म्हातारा जमीन सोडत नाही आणि मुलं पन्नाशीला आली तरी वाट पाहत राहतात, हेही त्याच घरांमधलं वास्तव होतं. आता पुण्यातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये ८२ वर्षांचे आजोबा आणि त्यांना सांभाळणारी ७६ वर्षांची आजी असते. मुलगा बंगळुरूला, मुलगी टोरंटोला.

भारतात साठीपुढच्यांपैकी ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना डिमेन्शिया आहे, असा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने दिला. स्त्रियांत प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त. आणि हा शहरी, पांढरपेशा आजार आहे या समजुतीला तर याच पाहणीने सुरुंग लावला. शहरांत ५.३ टक्के, खेड्यांत ८.४ टक्के. जिथे न्यूरॉलॉजिस्ट नाही, आया पुरवणारा ब्यूरो नाही, आणि शेतावर गेल्याशिवाय चूल पेटत नाही, तिथे हा आजार अधिक आहे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या चित्रपटात डॉ. मोहन आगाशे यांनी साकारलेले संस्कृत पंडित हत्तीमागे चालत हरवून जातात. त्यांना शोधणारी लेक जी घालमेल सोसते, ती महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत रोज चालू असते.

घरच्यांना हात दिला तर काय होतं, हे गोव्यात तपासून झालेलं आहे. डॉ. अमित डायस आणि 'संगाथ' या संस्थेतले त्यांचे सहकारी यांनी ८१ कुटुंबं निवडली. त्यांतल्या निम्म्या कुटुंबांकडे सहा महिने प्रशिक्षित कार्यकर्ती घरी जात राहिली. ही कार्यकर्ती म्हणजे साधी शिकलेली स्थानिक बाई. तिने आजार समजावून सांगितला, चिडचिड आणि रात्रीचं जागरण कसं हाताळायचं ते दाखवलं, सरकारी योजनांची माहिती दिली. औषध गरजेपुरतं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. सांभाळणाऱ्यांचं मानसिक आरोग्य स्पष्टपणे सुधारलं, रुग्णाच्या वागण्याचा होणारा त्रास कमी झाला. रुग्णाचा आजार हटला नाही, तो हटणार नव्हताच. पण सांभाळणारी बाई कोलमडली नाही, हे फार मोठं यश आहे. ना इमारत लागली, ना परदेशी यंत्र. इतकी वर्षं झाली तरी ही पद्धत प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत का पोचू नये?

तरी एक वेळ येते जेव्हा घर पुरत नाही. रुग्ण रात्री तीनला दार उघडून निघतो, सांभाळणारीचंच हाड मोडतं, मलमूत्राचं भान सुटतं. अशा वेळी चांगली संस्था शोधणं हे कर्तव्यच आहे. 'वृद्धाश्रमात टाकलं' हे वाक्य आपल्याकडे फार सहज फेकलं जातं, आणि ते फेकणारे बहुधा एक रात्रही जागलेले नसतात. या लाजेचा आणखी एक तोटा असा, की ठेवताना आपण खाली मान घालून ठेवतो. प्रश्न विचारत नाही, पाहणी करत नाही, तक्रार करत नाही. संस्थांना उत्तरदायी ठेवायचं तर आधी ही मान वर करायला हवी.

पुण्यात परांजपे स्कीम्सच्या 'अथश्री' संकुलांनी ज्येष्ठांसाठीची घरं मध्यमवर्गाच्या ओळखीची केली. मुंबईत १९९५ साली सुरू झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळला वसाहत उभारली. डिमेन्शियासाठी खास निवासी सोय मात्र मोजक्याच शहरांत आहे आणि बहुतेक ठिकाणी ती खासगी आहे. म्हणजे निवृत्तिवेतन भरभक्कम असेल त्यांच्यासाठी. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात, प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असे वृद्धाश्रम राज्यांनी उभारावेत असं म्हटलेलं आहे. केंद्राने २०१९ मध्ये निवृत्तांच्या संकुलांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वंही काढली. पण अमेरिकेच्या अनुभवाने एक गोष्ट दाखवून दिली आहे. मनुष्यबळाचं प्रमाण, रात्रपाळी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण हे सक्तीच्या नियमात बांधल्याशिवाय कागदावरची तत्त्वं रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचत नाहीत. महाराष्ट्राने ते नियम आत्ताच करावेत, उद्योग फोफावण्याआधी.

संस्था पाहायला जाणाऱ्यांनी सकाळी अकराला, वेळ ठरवून जाऊ नये. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमाराला जावं, बेचैनीची ती वेळ. आत शिरताच वास कसला येतो ते बघावं. रहिवाशांची नखं, चष्म्याच्या काचा, पायातल्या चपला बघाव्यात. कर्मचारी माणसांना नावाने किंवा आजी-आजोबा म्हणून हाक मारतात की 'चार नंबर' म्हणतात, हे कान देऊन ऐकावं. रात्री किती जण जागे असतात? झोपेच्या आणि शांत करणाऱ्या गोळ्या कोण, कुणाच्या सहीने देतं? आजींना पहाटे चारला चहा हवा झाला तर मिळतो का? आयुष्यभर भाकरी खाल्लेल्या माणसाला रोज सातला खिचडीच मिळणार असेल, तर फरशी कितीही चकचकीत असो, पुढच्या जागेकडे वळावं. ताटाचा रंगही पाहावा. बॉस्टन विद्यापीठाच्या २००४ मधल्या एका छोट्या अभ्यासात पांढऱ्याऐवजी गडद लाल ताट-पेला दिल्यावर अल्झायमरचे रुग्ण सुमारे २५ टक्के जास्त जेवले. पांढऱ्या ताटातला पांढरा भात त्यांना नीट दिसत नसावा. हा उपाय घरीही उद्यापासून करता येतो.

कागदपत्रांचं काम मात्र त्याही आधीचं. कुलमुखत्यारपत्र केलं की झालं, असं बरेच जण समजतात. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मन शाबूत राहिलं नाही की त्याचा अंमल संपतो, आणि मग बँकेतल्या पैशासाठीही कोर्टाकडून पालक नेमून घ्यायची वेळ येते. मृत्युपत्र, खात्यांवरची नावं, आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार उपचारांबाबतचे निर्णय कुणी घ्यायचे त्याचं नामनिर्देशन, हे सगळं निदान झाल्याबरोबर, रुग्णाला अजून समजतंय तोवर, त्याच्याच इच्छेने करून घ्यावं.

आणि ज्यांना कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही, त्यांनी १४५६७ हा क्रमांक लिहून ठेवावा. केंद्र सरकारची 'एल्डरलाइन' ही ज्येष्ठांसाठीची मोफत दूरध्वनी सेवा आहे. ती सकाळी ८ ते रात्री ८ चालू असते आणि तिथे मराठीत बोलता येतं.